ओट्याचा द्रव, आवृत्ती दुसरी

निवृत्तीला पाचवा महिना लागला, त्या सकाळी चहा पिता पिता ग्रंथपालांनी एक अगदी लहानसा निर्णय घेतला. स्वयंपाकघराचा ओटा पुसायचा द्रव यापुढे दुकानातून आणायचा नाही. घरीच करायचा.

निर्णय लहान होता, हे इथेच नोंदवून ठेवलेले बरे. पुढे जे घडले ते पाहता कुणालाही वाटेल की या गृहस्थाने घरावर रणगाडा आणण्याचे ठरवले असावे. तसे काही नव्हते. द्रवाची बाटली संपली होती, तिच्या पाठीवर बारीक अक्षरांत मजकूर होता, आणि छापील मजकूर न वाचता टाकून देणे हा ग्रंथपालांच्या लेखी गुन्हा होता. त्यांनी भिंग आणले.

"पाणी!" ते म्हणाले. "पहिलाच घटक पाणी. म्हणजे इतकी वर्षे आपण पाणी विकत आणत होतो."

"मग करा की तुम्ही घरी," पत्नी पीठ चाळता चाळता म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. महिन्याभरात माझी तपासणी आहे. तोवर माझ्या कामात लुडबुड नको."

सार्वजनिक ग्रंथालयात चौतीस वर्षे काढलेल्या या माणसाला गल्ली अजूनही ग्रंथपालच म्हणे. घरात मात्र ते 'अहो' आणि 'बाबा' अशा दोनच नोंदींखाली सापडत. पत्नीची गोष्ट वेगळी होती. त्यांची निवृत्ती आणि तिचा उद्योग एकाच वेळी सुरू झाला होता. ती घरी केक करी, आणि ते इतके सुरेख उतरत की चौकातल्या मोठ्या दुकानाने ते विकायला ठेवण्याची तयारी दाखवली होती. अट एकच होती. स्वयंपाकघराची सरकारी तपासणी होऊन परवाना मिळायला हवा. तपासणीत नापास झाले तर पुन्हा अर्ज करायला सहा महिने थांबावे लागणार, आणि दुकानदार सहा महिने थांबणारा नव्हता. तो सहा मिनिटेसुद्धा थांबत नसे. केकचे खोके हातात घेऊन दारातच 'हो की नाही' विचारणारा माणूस होता तो.

"उलट तुझ्या तपासणीसाठीच करतोय," ग्रंथपाल म्हणाले. "ओटा असा चकाकेल की तपासणारा त्यात भांग पाडून घेईल."

प्रामाणिकपणे सांगायचे तर सुरुवात उत्तम झाली. लिंबाच्या साली व्हिनेगरमध्ये दोन आठवडे मुरल्या. ते गाळून त्यात पाणी घातले, की ओट्याचा द्रव तयार. खायचा सोडा पाण्यात कालवून सिंकसाठी लेप झाला. साबणाच्या उरलेल्या चिपा किसून, उकळून भांड्यांसाठी पातळ साबण झाला. नळासाठी वेगळे, काचांसाठी वेगळे, शेगडीसाठी वेगळे आणि फडकी भिजवायला वेगळे असे एकूण सात द्रव सिद्ध झाले. डाग निघत होते. पत्नीने एकदा नकळत "बरंय हो हे" असे म्हटलेसुद्धा, आणि ग्रंथपालांनी ते वाक्य दिवसभर मनात जपले.

इथे ते थांबले असते तर ही कथाच झाली नसती.

बाटल्या आणायला ते गेले आणि डझन घेऊन आले. तपकिरी, जाड काचेच्या, फवारा असलेल्या, बाराच्या बारा जुळ्या बहिणींसारख्या. आतले काही दिसत नसे. द्रव होते सात, म्हणजे पाच बाटल्या उरल्या, आणि फळीवरची रिकामी जागा पाहिली की ग्रंथपालांच्या छातीत कळ येई. (ग्रंथालयात अशी जागा दिसली की ते तिथे एखादा जुना अहवाल खोचत.) त्यांची नजर पत्नीच्या सामानावर गेली. केक ओलसर राहावा म्हणून त्यावर फवारायचा, लिंबाचा स्वाद दिलेला साखरेचा पातळ पाक, लिंबाचा रस, तेल, व्हॅनिलाचा अर्क आणि बदामाचा अर्क. बरोबर पाच. हा योगायोग त्यांना नियतीचा संकेत वाटला.

पत्नी परतली तेव्हा फळीवर बारा बाटल्या सैनिकांसारख्या उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या छातीवर एक ते बारापैकी एक क्रमांक होता.

"माझा पाक कुठंय?"

"आठ."

"आठ काय?"

"क्रमांक आठ. स्वच्छतेचे एक ते सात, तुझे आठ ते बारा. कार्डांचा खण दिवाणखान्यात ठेवलाय. वस्तूनुसार वेगळी कार्डे, उपयोगानुसार वेगळी."

पत्नीने हातातली पिशवी खाली ठेवली. "अहो, बाटलीवर सरळ नाव लिहिता येत नाही का?"

"कशाकशाचे नाव लिहू? तीन क्रमांक ओट्याला चालतो, टाइलांना चालतो, फ्रिजच्या दारालाही चालतो. एकाचे नाव दिले तर उरलेल्या दोघांवर अन्याय. नावात पक्षपात होतो. क्रमांक निःपक्षपाती असतो."

"आई, वाद घालू नकोस," कॉलेजातून नुकतीच आलेली कन्या म्हणाली. "नाहीतर आपल्यालाही नंबर देतील."

पुढचा आठवडा कसा गेला हे पत्नीला विचारू नये. एकदा दूध उतू गेले. ओट्यावरून ओघळून ते खाली टपकू लागले.

"अहो, फडकी भिजवायचं कुठलं?"

"कार्ड बघ."

"अहो, दूध खाली चाललंय!"

"खण उघड. उपयोगानुसार बघ, वस्तूनुसार नको, तिथे 'फडके' मिळणार नाही. आणि बाटली काढलीस की कार्डावर वेळ लिही. परत ठेवलीस की पुन्हा लिही."

"बाबा," कन्या पाय वर घेऊन म्हणाली, "आता दूध स्वतःच येईल दिवाणखान्यात. सभासद व्हायला."

दूध खरोखरच उंबरठा ओलांडून आले. ग्रंथपाल चपला उचलून बाजूला झाले आणि मनाशी म्हणाले, शिस्त अंगवळणी पडायला वेळ लागतोच. ग्रंथालयातही पहिली दहा वर्षे वाचकांनी असाच त्रास दिला होता.

शेवटी पत्नीने हात टेकले. पण तिची शरणागतीही पराक्रमाची होती. खणाकडे फेऱ्या मारून पायांचे तुकडे पडू लागले तेव्हा तिने ते बारा क्रमांक पाठ करायला घेतले. पीठ मळताना ती पुटपुटे, "तीन ओटा, चार शेगडी, पाच नळ… आठ पाक, नऊ लिंबू…" शेजारीण दारातून डोकावली तर तिला वाटे, बाई जप करताहेत. आठवड्याभरात ती इतकी तरबेज झाली की डोळे मिटून हात घातला तरी हवी ती बाटली निघे. वास घेऊन ओळखण्याची सोय राहिलीच नव्हती. निम्म्या बाटल्यांत लिंबू होते आणि घरातल्या सर्वांची नाके लिंबाला आणि व्हिनेगरला इतकी सरावली होती की आता त्यांना या दोहोंखेरीज सगळ्याचा वास येई.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी मायलेकी डोक्याला बांधायच्या टोप्या आणि एप्रन आणायला बाजारात गेल्या. घरात शांतता होती. ग्रंथपाल कौतुकाने फळीसमोर उभे राहिले, आणि एकाएकी दोन पावले मागे सरले.

स्वच्छतेचे द्रव आधी आणि खाद्यपदार्थ नंतर! उद्या सरकारी माणूस येणार, पहिली नजर फळीवर टाकणार, आणि त्याला दिसणार काय, तर सिंकचा लेप मानाच्या पहिल्या जागी आणि बदामाचा अर्क शेवटच्या कोपऱ्यात. खाद्य ते अखाद्य हाच नैसर्गिक क्रम नाही का? आपल्या हातून ही घोडचूक कशी झाली? परवाना हातचा गेला तर दोष कुणाचा? (या प्रश्नाचे उत्तर ते बरोबर देणार होते, फक्त एक दिवस उशिरा.)

बायकोच्या भल्यासाठी, केवळ तिच्या भल्यासाठी, त्यांनी बाही सरसावली. जुने क्रमांक गरम पाण्याने सोडवले, नवे चिकटवले. खाद्यपदार्थांना, दोन्ही अर्क आधी घेऊन, एक ते पाच, स्वच्छतेला सहा ते बारा. पाकाला आता तीन क्रमांक मिळाला आणि ओट्याच्या द्रवाला आठ. बाटल्या नव्या क्रमाने लावल्या. कार्डे सुधारली. पाच वाजता दुसरी आवृत्ती सिद्ध झाली.

पत्नीला सांगायचे राहिले असे कुणी म्हणेल, तर तो ग्रंथपालांवर अन्याय होईल. ते विसरले नव्हते. त्यांनी सूचना लिहायला घेतली होती. एवढा मूलभूत बदल तोंडी सांगणे हे त्यांच्या पद्धतीत बसत नव्हते. सूचना लेखी असावी, फळीच्या वर लावावी आणि ती वाचताच वाचकाचे समाधान व्हावे. पहिले वाक्य छान उतरले. दुसरे वाक्य खटकत होते. ते त्यांनी संध्याकाळभर घोळवले, जेवताना घोळवले आणि सकाळी पुन्हा घोळवू असे ठरवून झोपी गेले.

सकाळी ते दिवाणखान्यातल्या टेबलाशी बसून दुसऱ्या वाक्याशी झुंजत होते. आत पत्नीची धांदल चालली होती.

"अहो, अकराला येणारेत मॅडम. तुम्ही आत येऊ नका हं!"

"नाही येत," ग्रंथपाल लेखणी न उचलता म्हणाले. आत नमुन्याचा केक तयार होता. पत्नीने न बघता हात घालून आठ क्रमांकाची बाटली काढली आणि केकवर सढळ हाताने फवारा मारला. मग तीन क्रमांक काढून ओटा, टाइला, फ्रिजचे दार, सगळे चकचकीत पुसून घेतले. ओटा पूर्वी कधी चकाकला नव्हता असा चकाकला.

"आई, आज ओट्याला काय मस्त चमक आलीय," कन्या म्हणाली.

"काही म्हण, तुझ्या बाबांचा तीन नंबर आहे खरा चांगला," पत्नी म्हणाली.

बाहेर ग्रंथपालांनी हे ऐकले. त्यांना आनंद झाला. तीन नंबरचा अर्थ डोक्यात शिरायला साधारण तितकाच वेळ लागला जितका चिंचोळ्या जिन्यावरून कपाट उतरवायला लागतो. अर्थ पोचला त्याच क्षणी दारावरची घंटा वाजली. पंधरा मिनिटे आधीच.

निरीक्षिका चाळिशीच्या, सडपातळ आणि कमी बोलणाऱ्या होत्या. काखेत जाडजूड नोंदवही होती. त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि नोंदवही उघडून ओट्यावर ठेवली. त्यांच्या मागोमाग ग्रंथपाल उंबरठ्यापर्यंत धावले. पत्नीने डोळे वटारले. त्या डोळ्यांत 'आत येऊ नका' हे वाक्य मोठ्या टाइपात छापलेले होते.

"ऐक ना, एक मिनिट," ते कुजबुजले.

"नंतर."

"अगं, तीन म्हणजे आता तीन नाही."

"अहो, नंतर म्हटलं ना!"

"कोण आहेत हे?" निरीक्षिकांनी विचारले.

"मिस्टर आहेत. रिटायर झालेत," पत्नी घाईघाईने म्हणाली. या दुसऱ्या वाक्याने सगळा खुलासा होतो असे तिच्या स्वरावरून वाटले. निरीक्षिकांनी समजूतदारपणे मान हलवली.

त्यांनी फ्रिजचे दार उघडले. बोटे दाराला किंचित चिकटली. त्यांनी बोटांकडे पाहिले आणि ती रुमालाला पुसली. खिडकीच्या जाळ्या पाहिल्या, पिठाचे डबे पाहिले, टोप्या पाहिल्या. "स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. पत्नीचा चेहरा उजळला. मग त्या नोंद करायला ओट्याकडे वळल्या आणि नोंदवही उचलू लागल्या.

नोंदवही उचलली जाईना.

त्यांनी थोडा जोर लावला. चर्रर्र असा आवाज होऊन वही वर आली, पण मागचा पुठ्ठा ओट्यावरच राहिला. त्याच वेळी खिडकीच्या कोपऱ्यातून मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग खाली उतरताना दिसली. वर्गीकरणाची गरज नसलेल्या प्राण्यांसारख्या त्या थेट ओट्याकडे निघाल्या होत्या.

"हे काय आहे?" निरीक्षिका म्हणाल्या.

पत्नी पांढरीफटक पडली. "मॅडम, आत्ता… आत्ता पुसलाय मी, दहा मिनिटांपूर्वी…"

"बघू नंतर. केकचा नमुना द्या." त्यांनी केकचा तुकडा कापला, काट्याला लावला आणि काटा तोंडाकडे नेला.

ग्रंथपालांच्या मनात त्या अर्ध्या क्षणात पुष्कळ विचार येऊन गेले. गप्प राहावे का? व्हिनेगर, लिंबाची साल आणि पाणी. त्याने काही कुणी दगावत नाही. पण परवाना? आणि हे नंतर कळले तर आपले काय? चौतीस वर्षांत ज्याने कुणाला मोठ्याने बोलू दिले नव्हते, तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा ओरडला.

"थांबा! खाऊ नका! तो केक ओट्याचा आहे आणि ओटा केकचा आहे!"

स्वयंपाकघरात अशी शांतता पसरली की ग्रंथालयात असती तर त्यांना अभिमान वाटला असता.

"काका," निरीक्षिकांनी काटा खाली ठेवला, "सावकाश सांगा. काय झालंय?"

त्यांनी सांगितले. पहिल्या आवृत्तीपासून सांगितले. रिकाम्या पाच बाटल्या, खाद्य ते अखाद्य, क्रमांक, सगळे सांगितले. निरीक्षिकांनी पुरावा मागितला तेव्हा खण आणून त्यांच्यासमोर ठेवला आणि सूचनाही दाखवली.

"ही सूचना पूर्ण झालेली नाही," निरीक्षिका म्हणाल्या.

"दुसरे वाक्य अडलंय."

"अडलं होतं तर तोंडानं नाही सांगायचं?" पत्नीचा बांध फुटला. "मी पीठ मळताना पाठ केलं हो! तीन ओटा, आठ पाक! शेजारच्या बाईंना वाटलं मी जप करतेय! आणि तुम्ही काल दुपारी बसून बदललंत? तपासणीच्या आदल्या दिवशी?"

"तुझ्यासाठीच बदललं," ग्रंथपाल म्हणाले, आणि हे खरे होते, म्हणूनच ते अधिक केविलवाणे वाटले.

"बाई," निरीक्षिकांनी पत्नीला विचारले, "ही नंबरांची पद्धत तुमची?"

"मॅडम, माझ्या डब्यांवर नावं लिहिलेली असतात. मैदा म्हणजे मैदा, साखर म्हणजे साखर."

"बघितलं मी. गरम पाणी आहे?"

"आहे."

"साधा साबण?"

"आहे."

"मग माझ्यासमोर पुसा. यांचं काही वापरू नका."

पत्नीने पदर खोचला. कन्येने बाराही बाटल्या बादलीत भरून परसात नेल्या. ग्रंथपाल एक बाटली वाचवायला पुढे झाले, पण कन्येने त्यांच्याकडे असे पाहिले की ते मागे सरले. दहा मिनिटांत ओटा धुऊन निघाला, फ्रिजचे दार धुऊन निघाले आणि मुंग्या आल्या रस्त्याने परत गेल्या. पत्नीने फ्रिजमधला, आदल्या सकाळी केलेला केक काढला. निरीक्षिकांनी तो चाखला, डोळे मिटले आणि आणखी एक तुकडा कापला. हा दुसरा तुकडा नियमात नव्हता.

"जागा चांगली आहे," त्या म्हणाल्या. "हात चांगला आहे. दोष जागेत नाही." मग त्या पुठ्ठा नसलेली वही मांडीवर घेऊन बराच वेळ लिहीत राहिल्या. जाताना त्यांनी एक कागद फाडून पत्नीच्या हाती दिला. "परवाना मंजूर. अट लिहिली आहे, ती पाळा. मी अचानक येऊन बघणार."

पत्नीने कागद वाचला. तिने पदर तोंडाला लावला. रडू होते की हसू, हे ग्रंथपालांना कळेना. मग तिने तो कन्येला दिला, कन्येने वाचला आणि ती सरळ जमिनीवर बसली.

"काय लिहिलंय?" ग्रंथपालांनी विचारले. कन्येने बसल्या बसल्या कागद वर केला. त्यांनी चष्मा लावला आणि कागद घेतला.

छापील तपासणी-अहवालात सातवा रकाना होता: 'स्वयंपाकघरात उपद्रवी जीव आढळले काय? असल्यास प्रकार, संख्या व उपाययोजना.' त्यापुढे स्वच्छ, गोलसर अक्षरांत लिहिले होते:

'मुंग्या, असंख्य. काढून टाकल्या. पती, एक. दिवाणखान्यात हलवावा, उंबरठ्याच्या आत येऊ देऊ नये.'

ग्रंथपालांनी तो मजकूर तीनदा वाचला. इतरांनी केलेल्या नोंदीत चूक सापडली नाही असा दिवस त्यांच्या नोकरीत क्वचितच उगवला होता. त्यांनी प्रकार तपासला, संख्या तपासली, रकानाही तपासला. मग चष्मा काढला आणि जड मनाने मान्य केले, की वर्गीकरण अचूक होते.